काहीच झालं नाही!

पटकन पाच फुटबॉलपटूंची नावं सांगा बघू. फार विचार करायचा नाही.

पेले, मॅराडोना, मेस्सी, रोनाल्डो... आणि पाचवा आपला सुनील छेत्री, नाहीतर बायचुंग भुतिया. बरोबर ना? एखाद्या चोखंदळाने झिदान म्हटलं असेल. आता दुसरा प्रश्न. यात बचावपटू किती? म्हणजे ज्यांचं काम गोल मारणं नसून गोल होऊ न देणं आहे, असे किती?

शून्य! अकरा जणांच्या संघात तीन-चार जण तरी बचावाला असतात, वर गोलरक्षक वेगळा. पण आपल्या आठवणीतल्या संघात सगळे पुढे पळतायत आणि मागे मैदान मोकळं. असा संघ खरोखर मैदानात उतरवला तर अर्ध्या तासात सात-आठ गोल खाऊन बसेल.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. ज्या कामाचं यश म्हणजे "काहीच झालं नाही" एवढंच असतं, त्या कामाची नोंद ठेवायची रीत आपल्याकडे नाही. आणि नोंद नाही म्हणून किंमत नाही. हे फुटबॉलपुरतं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पण ते आता आमच्या घरात आलंय.

निमित्त आहे पुतण्या. नववीत आहे, आमगावला शाळेत जातो, शाळेच्या फुटबॉल संघात स्टॉपर खेळतो. स्टॉपर म्हणजे बचावफळीतला मधला माणूस. तालुक्याला त्यांची शाळा तीन सामने खेळली, तिन्ही सामन्यांत मिळून एकही गोल खाल्ला नाही आणि जिल्ह्याला गेली. पोरगा घरी आला तेव्हा दादाने विचारलं, "किती गोल मारलास?"

"एकई नाई."

"मंग का केलास?"

"काई नाई. मांगं होतो."

झालं. दुसऱ्या दिवशी दादाचा मला फोन. "त्याले सांग बाबा तू. पुढच्या वर्षी दहावी आहे. पुढं खेळत असता तं गोष्ट वेगळी होती. बॅकला उभं राहून का भेटते?"

दादाचं म्हणणं मूर्खपणाचं नाही. पोराचे तीन तास रोज मैदानावर जातात आणि हाती काय लागतं, हे बापाने विचारायचं नाही तर कोणी? पण फोनवर आमची दोघांची गाडी दोन मिनिटांत भांडणावर येते, म्हणून हे लिहितोय. दादा, शेवटपर्यंत वाच. मग काय बोलायचं ते बोल.

आधी एका फ्रेंच माणसाची गोष्ट सांगतो. लिलियां थुराम. जन्म १९७२, कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप या फ्रान्सच्या ताब्यातल्या बेटावरचा. आई पॅरिसजवळ राहायला आली, लोकांकडे साफसफाईची कामं करून तिने पोरं वाढवली. हा नऊ वर्षांचा असताना फ्रान्समध्ये आला. पुढे मोनाको, पार्मा, युव्हेंटस, बार्सिलोना अशा क्लबांतून खेळला. पार्माकडून १९९९ मध्ये युएफा करंडक जिंकला, युव्हेंटसकडून दोनदा इटलीचं विजेतेपद. फ्रान्सकडून १४२ सामने खेळला. फ्रान्सच्या पुरुष संघाचा तो विक्रम २०२२ पर्यंत टिकला. मोडला तो ह्यूगो लॉरिसने, आणि लॉरिस कोण? गोलरक्षक! म्हणजे सगळ्यात जास्त वेळा ज्यांच्यावर विसंबून राहावंसं वाटलं, ते दोघेही अडवणाऱ्यांतलेच. हे जरा बाजूला लक्षात ठेवा.

तर १४२ सामने. आणि गोल किती? दोन. फक्त दोन. तेही एकाच सामन्यात, वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतराने.

तो सामना म्हणजे १९९८ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी. फ्रान्स विरुद्ध क्रोएशिया, ८ जुलै. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. तेव्हा गोंदिया जिल्हासुद्धा नव्हता झाला, आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो (१ मे १९९९ ला वेगळे झालो). मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. दुसरा डाव सुरू होतो न होतो तोच क्रोएशियाच्या सुकेरने गोल मारला. आणि गंमत बघा, तो गोल होऊ शकला याचं कारण थुरामच! बाकीचे फ्रेंच बचावपटू पुढे सरकले होते, हा एकटा मागे राहिला, म्हणून सुकेर ऑफसाइड झाला नाही. बचावपटूची एक पावलाची चूक म्हणजे थेट फलकावर आकडा. आघाडीचा खेळाडू दहा संधी घालवतो तरी फलक हलत नाही.

पण पुढच्याच मिनिटाला थुरामने प्रतिस्पर्ध्यांच्या गोलजवळ जाऊन बोबानच्या पायातून चेंडू काढून घेतला, जोरकाएफकडून परत मिळवला आणि गोल मारला. सत्तराव्या मिनिटाच्या आसपास डाव्या पायाने दुसरा. मग गुडघ्यावर बसून ओठांवर बोट ठेवून असा काही बघत राहिला, की मी हे काय करून बसलो! ते छायाचित्र फ्रान्समध्ये अजरामर झालंय. फ्रान्स २-१ ने जिंकला आणि चार दिवसांनी ब्राझीलला ३-० हरवून जगज्जेता झाला.

आता मला जे सांगायचंय ते यापुढे आहे. थुरामचा दुसरा गोल झाल्यावर थोड्याच वेळात फ्रान्सच्या लोराँ ब्लाँला लाल कार्ड मिळालं. बचावातला मुख्य माणूस मैदानाबाहेर. उरलेला जवळजवळ पाव तास फ्रान्सने दहा जणांनी, एका गोलच्या आघाडीवर काढला. त्या पाव तासात काय झालं? काहीच नाही! क्रोएशियाचा गोल झाला नाही. म्हणूनच विश्वचषक आला. पण त्या पाव तासाचं छायाचित्र कुठे लावलेलं नाही, कारण जे झालं नाही त्याचा फोटो काढायचा कसा? आणि त्या अख्ख्या स्पर्धेत फ्रान्सने सात सामन्यांत मिळून फक्त दोन गोल खाल्ले होते. दोन! हा आकडा मला थुरामच्या दोन गोलांपेक्षा मोठा वाटतो. जग मात्र त्याला त्या दुसऱ्या दोनांसाठी ओळखतं. म्हणजे बचावपटूला नाव मिळालं, तेसुद्धा तासाभरापुरतं आघाडीवाल्याचं काम केल्यामुळे.

थुरामचं पुढचंही सांगायला हवं. २००८ मध्ये पॅरिसच्या क्लबात जायचं ठरत असताना तपासणीत हृदयात दोष निघाला आणि त्याने खेळ थांबवला. बहुतेक जण मग समालोचन वगैरे करतात. याने त्याच वर्षी वर्णद्वेषाविरुद्ध शिक्षण देणारी संस्था काढली. पुस्तकं लिहिली, शाळांतून हिंडला. खेळत असतानाही तो गप्प बसणारा नव्हता. २००६ मध्ये पॅरिसजवळ बेकायदा राहतात म्हणून एका इमारतीतून स्थलांतरितांना बाहेर काढलं, तेव्हा त्याने आणि पॅट्रिक व्हिएराने त्यातल्या काही जणांना फ्रान्स-इटली सामन्याची तिकिटं देऊन बोलावलं होतं. कुणी म्हणेल याचा खेळाशी काय संबंध? मला तर सरळ संबंध दिसतो. आयुष्यभर ज्याने मागे उभं राहून "कुठून धोका येऊ शकतो" एवढंच बघितलं, त्याला मैदानाबाहेरही ते दिसायचं थांबत नाही.

आता तुम्ही म्हणाल, कुठे फ्रान्स आणि कुठे आमगाव! थांबा. त्या रात्री क्रोएशियाच्या बचावात एक उंच माणूस खेळत होता, इगोर स्टिमाच. थुरामचे ते दोन्ही गोल ज्यांच्या अंगावर झाले, त्यातला एक. हाच स्टिमाच २०१९ मध्ये भारताचा प्रशिक्षक झाला. आणि त्याचा सहायक होता महेश गवळी, आपल्या शेजारच्या गोव्याचा, निवृत्त बचावपटू.

हे नाव किती जणांनी ऐकलंय? दादा, तू नाही. ऑफिसात परवा मी सात-आठ जणांना विचारलं, कोणालाच माहीत नव्हतं. त्यातले दोघे तर रविवारी रात्री जागून इंग्लंडची लीग बघणारे!

तर महेश गवळी. जन्म १९८०. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत तयार झाला. (आपल्या गोंदियावरून जाणाऱ्या हावडा-मुंबई मार्गावरच टाटानगर लागतं, हे उगाच सांगावंसं वाटलं.) १९९९ पासून पुढे दशकभर तो भारताच्या बचावफळीत होता. दीपक मंडलबरोबरची त्याची जोडी जाणकारांना अजून आठवते. २००२ मध्ये भारताने व्हिएतनाममध्ये जाऊन एलजी करंडक जिंकला, त्या संघात हा होता. २००३ मध्ये ईस्ट बंगालने जकार्तात आसियान क्लब स्पर्धा जिंकली. भारतीय क्लबाने परदेशात मिळवलेल्या सर्वांत मोठ्या विजयांत ती मोजतात. त्या ईस्ट बंगालच्या बचावातही हा होता. मग गोव्यात डेम्पोकडे आला. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली डेम्पोने २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशी तीनदा आय-लीग जिंकली, तो डेम्पोचा सुवर्णकाळ. मागे महेश गवळी आणि समीर नाईक, मधे क्लायमॅक्स लॉरेन्स, पुढे रँटी मार्टिन्स.

आता आकड्यांकडे या. रँटी मार्टिन्सने २०११-१२ च्या हंगामात ३२ गोल मारले. हा आकडा तुम्हाला कुठेही सापडेल. जकार्ताच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने ३-१ ने जिंकताना गोल कोणी मारले? माइक ओकोरो, बायचुंग भुतिया, अल्विटो डिकुन्हा. हेही सापडेल. पण महेश गवळीने त्या हंगामात किती हल्ले अडवले? कुठल्या सामन्यात कोणाला त्याने नव्वद मिनिटं पाठ फिरवूच दिली नाही? सापडणार नाही, कारण तेव्हा कोणी लिहून ठेवलंच नाही. वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी दोन ओळी यायच्या: अमुक संघ जिंकला, अमक्याने तमक्या मिनिटाला गोल मारला. बाकीच्या दहा जणांनी काय केलं ते जणू काही नाहीच.

बरं, बचावपटूचं नाव ठळक अक्षरात येतं कधी? स्वयंगोल झाला की! २०२३ च्या सॅफ स्पर्धेत बंगळुरूला कुवेतविरुद्ध भारत १-० ने जिंकत आला होता आणि शेवटच्या क्षणी आपल्याच अन्वर अलीच्या पायाला लागून चेंडू आपल्याच गोलमध्ये गेला. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव सगळीकडे. त्याआधी त्याने अडवलेल्यांचं काय, विचारू नका.

याच स्पर्धेची पुढची गोष्ट मात्र मला फार आवडते. स्टिमाचला या स्पर्धेत दोनदा लाल कार्ड मिळालं. एकदा पाकिस्तानविरुद्ध, एकदा कुवेतविरुद्ध. (क्रोएशियातले लोक तापट असतात की हाच तापट, माहीत नाही.) त्यामुळे नेपाळविरुद्धचा सामना, लेबनॉनविरुद्धची उपांत्य फेरी आणि कुवेतविरुद्धचा अंतिम सामना, तिन्ही वेळा रेषेपाशी उभं राहून संघ सांभाळला महेश गवळीने. नेपाळला २-० हरवलं. लेबनॉनशी १२० मिनिटं शून्य-शून्य, मग पेनल्टींवर ४-२. अंतिम सामना १-१, पेनल्टींवर ५-४. शेवटी गुरप्रीतसिंगने उडी मारून चेंडू अडवला आणि करंडक आपला झाला. पाच सामन्यांत भारताने खाल्लेले गोल किती? दोन. त्यातला एक स्वयंगोल. मुख्य प्रशिक्षक जागेवर नसताना मागून येऊन जागा भरणं, ती मोडू न देणं, आणि काम झालं की पुन्हा एक पाऊल मागे... बचावपटूने आयुष्यभर जे केलं तेच त्याने रेषेबाहेर उभं राहून केलं.

दादा, इथपर्यंत वाचलंस तर आता घरचं सांगतो.

बाबा रेल्वेत कीमन होते. वाचणाऱ्या बाकीच्या मंडळींसाठी सांगतो, कीमन म्हणजे ठरलेल्या बीटवर रोज रुळावरून चालत जाणारा माणूस. खांद्यावर हातोडा आणि पाना, झोळीत लाल-हिरवी झेंडी आणि धोक्याचे पटाखे. रुळाला धरून ठेवणाऱ्या चाव्या सैल झाल्या की ठोकायच्या, बोल्ट आवळायचे, फिशप्लेट बघायची. आमगाव-सालेकसा बाजूला त्यांची बीट. जानेवारीत पहाटे थंडीने रूळ आकसतो आणि तडा जायची भीती असते. मे महिन्यात आमच्याकडच्या उन्हाने तोच रूळ फुगतो आणि वाकायची भीती. म्हणजे बारा महिने भीती, आणि बारा महिने चालणं.

एका हिवाळ्यात त्यांना तडा गेलेला रूळ दिसला. पुढे पळत जाऊन त्यांनी झेंडी दाखवून मालगाडी थांबवली. त्याबद्दल त्यांना प्रशस्तिपत्र मिळालं. ते अजून आपल्या बैठकीत देवांच्या फोटोशेजारी काचेत आहे. पाहुणा आला की आई तेच दाखवायची.

मला त्या काचेबद्दल अभिमान आहेच. पण लहानपणापासून एक वाटत आलंय. ते एक दिवसाचं काम. बाकीच्या तीसेक वर्षांत रूळ तुटायच्या आत ज्या हजारो चाव्या त्यांनी ठोकल्या, त्याचं प्रशस्तिपत्र कोणतं? चावी वेळेवर ठोकली म्हणून तडा गेलाच नाही, तर झेंडी दाखवायची वेळच येत नाही. गाडी धडधडत निघून जाते. आत बसलेल्या माणसाने चहाचा कप तोंडाला लावलेला असतो, आणि तो सांडत नाही. एवढंच.

निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ, हार झाला. साहेब बोलायला उभे राहिले आणि अर्ध्या मिनिटात बसले. घरी आल्यावर आईने विचारलं, "साहेब का बोलले जी?" बाबा पायातले बूट काढत म्हणाले, "म्हणाले, याच्या बीटवर काही झालं नाही." आणि हे सांगताना त्यांचा चेहरा... दादा, तू होतास तिथे. तुला आठवत असेल. एवढे खूश मी त्यांना तुझ्या लग्नातही बघितलं नव्हतं.

तुझा पोरगा परवा तुला तेच म्हणाला. "काई नाई. मांगं होतो." शब्दसुद्धा तेच.

आता माझ्या म्हणण्याविरुद्ध जे बोलता येईल ते मीच बोलतो.

एक, गोल मारणं सोपं नाही. नव्वद मिनिटांत दोन-तीन गोल होतात, म्हणजे ती दुर्मिळ गोष्ट आहे, आणि दुर्मिळ गोष्टीचं कौतुक होणारच. मान्य. रँटी मार्टिन्सचे ३२ मी कमी करत नाही. मला फक्त त्या ३२ च्या शेजारी एक कोरी जागा दिसते, ती भरायची आहे.

दोन, गोल झाला नाही तो बचावपटूमुळेच कशावरून? समोरचा संघच लेचापेचा असेल तर? हा आक्षेप जास्त वजनाचा आहे. एका सामन्यावरून खरंच सांगता येत नाही. बाबांच्या बीटवरही एखाद्या वर्षी नुसत्या नशिबाने काही झालं नसेल. पण दहा सामने, दहा वर्षं? तेव्हा नशीब मागे पडतं. थुराम १४२ वेळा संघात आला तो दर वेळी नशिबाने नव्हे. म्हणून तर नोंद हवी. एकदाची नोंद काही सांगत नाही, सलग ठेवलेली नोंद बोलायला लागते.

तीन, आजकाल तर सगळं मोजतात. कोणी किती चेंडू हिसकावले, किती पास तोडले. हो, मोजतात. पण त्यातही मेख आहे. उत्तम बचावपटूला आडवं पडून चेंडू हिसकवायची वेळ फार कमी येते, कारण तो आधीच बरोबर जागी उभा असतो. समोरचा बघतो की इकडून वाट नाही, आणि चेंडू दुसरीकडे देतो. कागदावर काय? शून्य. म्हणजे मोजणीतही ज्याची जागा चुकते त्याचेच आकडे फुगतात, कारण धावाधाव त्यालाच करावी लागते! ऑफिसातही हे आपण बघतोच की. महिनाभर फाइल दाबून ठेवणारा शेवटच्या दिवशी रात्री नऊपर्यंत बसतो आणि "किती मेहनती" म्हणून कौतुक होतं. रोजचं काम रोज संपवून साडेपाचला निघणाऱ्याकडे मात्र सगळे घड्याळात बघतात. असो.

तेव्हा नुसते आकडे पुरत नाहीत. बघणारा डोळाही लागतो. आणि तो डोळा आपल्याकडे तयारच होत नाही. पोरं खेळायला जमली की काय होतं? जो चपळ तो पुढे. जो जाडा, जो हळू, जो नवीन आलेला, त्याला सांगतात, "तू मांगं राह्य बे." मागे राहणं ही शिक्षाच! मग चांगल्या पोराने मागे का राहावं?

आपल्या गोंदियाचा फुटबॉलशी नाही म्हटलं तरी मोठा संबंध आलेला आहे. इथले नेते प्रफुल्ल पटेल २००९ ते २०२२ अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते. त्याच काळात, २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्याआधी १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभर शाळाशाळांतून फुटबॉल खेळवला गेला, आपल्या जिल्ह्यातही. त्या विश्वचषकात भारत तिन्ही सामने हरला आणि नऊ गोल खाल्ले. आपल्याला आठवतं काय? कोलंबियाविरुद्ध जॅकसनसिंगने डोक्याने मारलेला एक गोल. आठवावाच, फिफाच्या स्पर्धेत भारताचा तो पहिला गोल. पण त्या नऊंचं काय करायचं याची चर्चा मी तरी कुठल्या चहाच्या टपरीवर ऐकली नाही.

मला वाटतं, एक दिवस सगळ्यांना फुटबॉल खेळवणं म्हणजे गोल. छान दिसतो, फोटो येतो. त्यानंतर वर्षभर चेंडूत हवा आहे का बघणं, मैदानातले दगड वेचणं, धान कापणीच्या दिवसांतही पोरं सरावाला येतील असं बघणं, हा बचाव. त्याचा फोटो येत नाही. पुतण्याच्या शाळेत एक सर हे करतात. नाव लिहिलं तर त्यांना आवडणार नाही. संध्याकाळी पोरं गेल्यावर ते एकटेच मैदानावर फिरून काचा वेचतात. त्यामुळे कुणाच्याही पायाला काच लागलेली नाही. म्हणजे, काहीच झालं नाही.

तर दादा, माझं मागणं मोठं नाही. दहावी महत्त्वाची आहे, अभ्यासाचं वेळापत्रक तू म्हणशील तसं बसवू. शिकवणीचा खर्च मी बघतो. पण "बॅकला खेळतो म्हणून सोड" असं त्याला म्हणू नकोस. वेळ नाही म्हणून सोडायचं असेल तर ते कारण सांग, ते पोराला कळेल. पण त्याचं काम म्हणजे काहीच नाही, हे एकदा त्याच्या मनात बसलं तर तो फक्त फुटबॉल सोडणार नाही. उद्या कुठल्याही नोकरीत, घरात, जिथे मागे उभं राहायची पाळी येईल तिथे तो मनातून पळून जाईल. आणि मागे उभं राहायची पाळी सगळ्यांवर येते.

बाकीच्या मंडळींनाही एक विनंती. तुमच्या ओळखीत असा एक तरी माणूस असेल. पाण्याच्या टाकीत क्लोरीन टाकणारा, गावात ताप पसरू नये म्हणून घरोघरी फिरून डबकी रिकामी करायला लावणारी आशाताई, रात्रभर जागून नर्सरीतलं सलाइन बघणारी नर्स. त्याच्यावर किंवा तिच्यावर चार ओळी लिहा. "काय घडलं" असं विचारू नका, लिहायला काही सापडणार नाही. "तुम्ही नसता तर काय झालं असतं" हे विचारा. मग पानं पुरणार नाहीत.

जिल्ह्याचे सामने पुढच्या आठवड्यात गोंदियाला आहेत. दादा, तू येच. मी डबा घेऊन येतो. एक मात्र सांगून ठेवतो, मधल्या रेषेजवळ मंडपात खुर्च्या असतात तिथे बसायचं नाही. तिथून फक्त चेंडू दिसतो. आपण आपल्या गोलच्या मागे, झाडाखाली बसू. तिथून तुझा पोरगा दिसेल. चेंडू पलीकडच्या टोकाला असतानाही तो एक-एक पाऊल इकडे-तिकडे सरकत असतो, हात करून दुसऱ्याला जागा दाखवत असतो. ते बघ.

आणि सामना संपल्यावर "किती गोल मारलास" विचारू नकोस. "कोणाला अडवलंस" विचार. बघ किती बोलतो ते.